सशाचं पोट थांबलं तर

या वेळी सशांबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ससा खात नाही, पोट बिघडलंय, घरच्या घरी काय करता येईल? उत्तरांकडे वळण्याआधी सगळ्यांसाठी थोडं सांगायला हवं. सशाची आतडी चालतात ती न पचणाऱ्या लांब तंतूंच्या जोरावर. गवतातले जाड तंतू मोठ्या आतड्यात वेगळे होतात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक, सत्त्वाचा भाग उलटा फिरून सीकम नावाच्या पिशवीवजा आंधळ्या आतड्यात जातो. तिथे जिवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा बाहेर पडता पडताच तोंडाने उचलून खातो. हे त्याचं दुसरं जेवण. तंतू कमी पडले की आतड्यांची चाल मंदावते, आणि चाल मंदावली की आतले जिवाणू बिघडतात. त्यात सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेल्या घासाला पुढेच सरकावं लागतं. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात गवत आणि लेंड्या येतील. कंटाळू नका.

प्रश्न (पुणे): आमचा दोन वर्षांचा, पावणेदोन किलोचा ससा काल संध्याकाळपासून काही खात नाही. रात्रभरात एकही लेंडी नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसतो, आवडती कोथिंबीरही हुंगून सोडतो. शेजारच्या काकू म्हणतात, ओव्याचं पाणी पाजा, एक दिवस लंघन पडलं की पोट आपोआप मोकळं होईल. वाट पाहू का?

उत्तर: वाट पाहू नका. माणसाला लंघन मानवतं, सशाला नाही. १० ते १२ तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही नाहीत, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. मग तो रविवार असो वा सणाचा दिवस. उपाशी सशाच्या यकृतात चरबी साचू लागते, लठ्ठ सशात तर फारच लवकर. पोटातला चोथा कोरडा पडत जातो, वायू धरतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र जितकं लवकर तोडाल तितकी आशा जास्त.

छापील उत्तर हाती पडेपर्यंत तुमच्या सशाचा निकाल लागलेला असेल, तो चांगलाच लागलेला असो. पण ही वेळ पुन्हा येऊ शकते आणि इतर वाचकांवरही येईल, म्हणून क्रम नीट सांगतो.

आधी अंगाला हात लावा. कान गार लागतायत का? साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक-दीड सेंटिमीटर घालून तापमान घ्या. ससा मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला, चारही पाय टेकलेले हवेत. ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०१.३ ते १०४ फॅरनहाइट, हे नेहमीचं. ३८ च्या खाली गेलं असेल तर अंगातली ऊब गेली आहे आणि प्रकरण गंभीर आहे. गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. गार पडलेल्या सशाला आधी ऊब, मग खाणं. उलटं केलंत तर थंड पोटात अन्न नुसतं पडून राहील.

मग पोट. बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी अगदी हलक्या हाताने चाचपा. पोट कणकेसारखं मऊ-घट्ट लागत असेल तर बहुधा चाल मंदावलेली आहे. ढोलासारखं ताणलेलं असेल, ससा एकाएकी काही तासांतच गळून गेला असेल, गार पडला असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो: केसांचा घट्ट गोळा, गालिच्याचा धागा, न चावता गिळलेला वाटाणा किंवा मक्याचा दाणा. अशा वेळी तोंडाने काहीही भरवू नका. पाणीसुद्धा नाही. थेट दवाखाना.

पोट ताणलेलं नाही, तापमान ठीक आहे आणि दवाखाना उघडायला वेळ आहे, एवढं नक्की असेल तरच सिरिंजने भरवा. आजारी सशांसाठीची तंतूयुक्त पावडर मिळते. ती एक भाग, कोमट पाणी दोन भाग. ती नसेल तर नेहमीचे साधे पेलेट, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, मिक्सरमधून काढून कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा आणि सिरिंजमधून सहज ढकलता येईल इतकं सैल करा. दर वेळी किलोमागे १० ते १५ मिली, म्हणजे तुमच्या सशाला १८ ते २५ मिली. दिवसातून चार-पाच वेळा, एकूण ८५-९० मिलीपर्यंत. सिरिंजचं टोक पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घाला, एका वेळी अर्धा-एक मिली द्या, चावून गिळल्यावरच पुढचं. सशाला पाठीवर उताणा करून कधीही भरवू नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो.

ओव्याचं पाणी, हिंग, खाण्याचा सोडा, एरंडेल यांतलं काहीही नको. लहान मुलांच्या पोटातल्या वायूचे सिमेथिकोनचे थेंब बहुधा अपाय करत नाहीत, पण त्यांच्या भरवशावर रात्र काढणं हाच मोठा अपाय. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत.

दवाखान्यात काय व्हायला हवं हेही माहीत असू द्या. वेदनाशामक आणि सलाईन हे उपचाराचे दोन पाय आहेत. सलाईन बऱ्याचदा कातडीखाली दिलं जातं. आतडी हलवणारं औषध, मेटोक्लोप्रामाइड किंवा सिसाप्राइड, अडथळा नाही याची खात्री झाल्यावरच द्यायचं असतं. ती खात्री पोटाच्या एक्स-रेवरून होते. रक्तातली साखर तपासली तर आणखी मदत होते: ती डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅमच्या वर असेल तर अडथळ्याची शंका बळावते. डॉक्टरांना हे विचारण्यात संकोच करू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने ससे बघत नाहीत, म्हणून ससा ठणठणीत असतानाच फोन करून विचारून ठेवा. मुंबईत परळ, शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हाही पर्याय असतो. एक्स-रे आणि भूल देण्याची सोय कुठे आहे तेही आधीच माहीत करून घ्या.

आणि ससा बरा झाला की तपास संपला असं समजू नका. पोट थांबणं हा परिणाम असतो. कारण कुठेतरी दुसरीकडे सापडतं: दाढेचं दुखणं, मूत्राशयातला खडा, उन्हाचा तडाखा, रिकामं पडलेलं पाण्याचं भांडं, दिवाळीतले फटाके, घरात नव्याने आलेलं कुत्रं, एका दिवसात बदललेलं खाद्य. कारण तसंच राहिलं तर महिन्याभरात तीच वेळ पुन्हा येईल.

प्रश्न (ठाणे): आमच्या सशीणीला रोज सकाळी जुलाब होतात. पिंजऱ्यात काळपट, चिकट, उग्र वासाचा लगदा असतो आणि मागचे केसही बरबटलेले. दुपारनंतर मात्र लेंड्या छान गोल. खाते-पिते, खेळते. जुलाब थांबवायचं औषध दिलं, फरक नाही.

उत्तर: हे जुलाब नाहीत, औषध आधी बंद करा. वर सांगितलेल्या मऊ लेंड्या ती खात नाहीये, त्या पडून चिरडल्या जातायत. खरे जुलाब म्हणजे पाण्यासारखी शी, आणि त्या वेळी गोल लेंड्या जवळजवळ बंद होतात. तुमच्याकडे दुपारी छान लेंड्या दिसतात, हाच मोठा पुरावा.

ती त्या का खात नाही? नेहमीचं कारण म्हणजे पोट आधीच भरलेलं आहे. पेलेट, फळं, पोळी, बिस्किटं यांतून पिष्ट आणि साखर इतकी जाते की मऊ लेंड्या नको इतक्या होतात, आणि नीट बांधल्याही जात नाहीत. दुसरं कारण लठ्ठपणा: मान वळवून तोंड तिथवर पोचतच नाही. वय झालेल्या सशात पाठीचं किंवा सांध्यांचं दुखणं, दाताचं दुखणं हेही बघावं लागतं.

दोन आठवडे हे करा. पोळी, भात, ब्रेड, बिस्कीट, चुरमुरे, चणे, शेंगदाणे, सुकामेवा, दूध: सगळं बंद. केळं, सफरचंद, गाजर हेही या काळात नको. (गाजर सशाचं मुख्य अन्न असल्याचं चित्रांमुळे सगळ्यांच्या मनात बसलंय. ते गोड कंदमूळ आहे. तब्येत चांगली असताना अंगठ्याएवढा तुकडा, तोही अधूनमधून. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या.) पेलेट किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि तेही रोज थोडे थोडे कमी करत आठ-दहा दिवसांत निम्म्यावर आणा. रंगीबेरंगी दाणे, बिया, वाळलेल्या फळांचे तुकडे असलेलं मिश्रण असेल तर ते बदला. ससा गोड तेवढं निवडतो आणि तंतूचा भाग वाडग्यात ठेवतो. कोंबडीखाद्य तर कधीच नको, त्यात मिसळलेली काही औषधं सशाला विषारी असतात. गवत मात्र चोवीस तास, हवं तेवढं.

मागचे केस धुण्यासाठी अंघोळ घालू नका. पूर्ण भिजवलेला ससा घाबरून आणि गारठून आजारी पडतो. तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडा करा आणि जटा झालेले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा. कातडी फार पातळ असते, कंगवा मध्ये धरून कापा. दोन आठवड्यांत लगदा कमी झाला नाही तर दात आणि पाठ तपासून घ्या.

प्रश्न (सांगली): सगळीकडे टिमोथी गवत द्या असं वाचतो. ते परदेशी आणि महाग आहे. गावाकडे आमच्याकडे गवताला तोटा नाही. कुठलं चालेल? कडबा, पेंढा, लसूणघास?

उत्तर: टिमोथीचं कौतुक आहे ते तंतूंसाठी, आणि तंतू आपल्या गवतांतही भरपूर आहेत. दुकानातल्या पुड्यासाठी खर्च झेपत नाही म्हणून ससा पेलेटवर ठेवण्यापेक्षा बांधावरचं मारवेल कितीतरी चांगलं.

मारवेल, हरळी, पवना ही गवतं उत्तम. ओटचं वाळवलेलं गवत मिळालं तर तेही. नेपियर, म्हणजे हत्ती गवत, चालतं. पण फार जून झालं की ससा नुसते देठ टाकतो. डोंगरी गवतात एक धोका नक्की बघा: कुसळी. तिची टोकदार कुसळं हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत रुततात आणि गळू होतात. कुसळ धरण्याआधी कापलेलं असेल तरच घ्या.

ज्वारीचा कडबा चावायला छान, पाती आवडीने खातात. पण एकटा कडबा पोषणाला पुरत नाही. आणि हिरवी, कोवळी ज्वारी, फुलोऱ्याआधीची, देऊच नका. त्यात हायड्रोसायनिक आम्ल असतं. त्यामुळे जनावरं दगावतात हे शेतकऱ्यांना सांगायला नको, सशाचा जीव तर केवढासा. भाताचा पेंढा अंथरायला ठीक. त्यात सिलिका जास्त आणि सत्त्व कमी, त्यामुळे मुख्य अन्न म्हणून तो धरू नये. लसूणघास आणि बरसीम ही द्विदल वर्गातली. प्रथिनं आणि कॅल्शियम इतकं की सहा-सात महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या मादीला ती द्यावीत. प्रौढ सशाला रोज दिली तर वजन वाढतं, मऊ लेंड्या उरतात आणि लघवीत गाळ धरतो.

घरी वाळवायचं तर गवत फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापा. पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा, दिवसातून दोनदा उलटापालट करा. चांगलं वाळलेलं गवत हिरवट राहतं, गोडसर वास येतो, मोडलं की कट् आवाज होतो. पिवळंधमक झालेलं चालतं, पण त्यात फारसं काही उरलेलं नसतं. काळे-पांढरे ठिपके किंवा कोंदट वास आला तर पूर्ण पेंढी फेका, बुरशी निवडून काढता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नको, तरटाच्या पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाळा सरल्यावर वर्षभराची बेगमी करता येते.

ताजं हिरवं गवतही चांगलंच, फक्त एकदम ढीग टाकू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. यंत्राने कापलेल्या हिरवळीचा चुरा नको, तो तासाभरात तापून आंबू लागतो. रस्त्याकडेचं, तणनाशक मारलेलं नको. कापताना कण्हेर, घाणेरी, रुई, अळू यांची पानं मिसळणार नाहीत हे बघा.

प्रमाण विचाराल तर रोज ससा स्वतः जेवढा दिसतो तेवढा ढीग. ढिगाची जागा त्याच्या शी-शूच्या ट्रेला लागूनच ठेवा. सशांना बसल्या बसल्या एकीकडून खायला आणि दुसरीकडून लेंड्या टाकायला आवडतं, त्यामुळे खाणं वाढतं. शिवाय पालेभाजी किलोमागे साधारण एक वाटी दाबून भरून: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, शेपू, जास्वंदीची पानं. पालक, माठ अधूनमधून. कोबी-फ्लॉवरच्या पानांनी काही सशांना वायू धरतो, थोडं देऊन बघा. नवी भाजी एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळेल.

प्रश्न (नागपूर): सशाला सर्दी होती म्हणून घरातलं अमॉक्सिसिलिनचं मुलांचं औषध दोन दिवस दिलं. आता खाणं कमी झालंय.

उत्तर: आत्ता बंद करा आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, सेफॅलेक्सिन ही औषधं तोंडाने दिली तर सशाच्या सीकममधले कामाचे जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जिवाणू माजतात. त्यांच्या विषाने जुलाब होऊन ससा मरतो. हे औषध बंद केल्यानंतर काही दिवसांनीही होऊ शकतं, म्हणून आज बरा दिसला तरी आठवडाभर लेंड्यांवर डोळा ठेवा. विष बांधून घेणारं कोलेस्टिरामिन, सलाईन आणि भरपूर गवत हा उपचाराचा मार्ग आहे, पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा. सशाला प्रतिजैविक लागलं तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी तुलनेने सुरक्षित औषधं असतात. दवाखान्यात कागद हाती आला की त्यावरचं नाव वाचा.

प्रश्न (कल्याण): मुलीच्या वाढदिवसाला बाजारातून पिल्लू आणलं. विकणारा दोन महिन्यांचं म्हणाला, पण तळहातावर मावतं. चार दिवस झाले, पातळ शी होते, पोट नगाऱ्याएवढं. दूध-बिस्कीट देतोय.

उत्तर: दूध आणि बिस्कीट बंद करा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. पिल्लांचे पाण्यासारखे जुलाब ही सशांच्या आजारांतली सर्वांत घाईची गोष्ट, एका दिवसात पिल्लू हातचं जातं.

तळहातावर मावणारं पिल्लू बहुधा चार-पाच आठवड्यांचं असतं. आठ आठवडे होईपर्यंत ते आईजवळच असायला हवं. कारण असं: प्रौढ सशाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की जंतू तिथेच मरतात. पिल्लाच्या जठरात ते तीव्र नसतं. आईच्या दुधातले जंतुरोधक घटक तोवर राखण करतात. दूध मध्येच तोडलं, प्रवास घडवला, अन्न बदललं की आतडं उघडं पडतं. गाईचं-म्हशीचं दूध ती जागा भरून काढत नाही, उलट आंबतं.

ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घालून सोबत न्या आणि कॉक्सिडिओसिसची तपासणी मागा. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा आजार एक ते चार महिन्यांच्या पिल्लांत फार दिसतो; फुगलेलं पोट, जुलाब, वजन न वाढणं ही त्याची खूण. सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखता येतो आणि टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातल्या औषधांनी आटोक्यात येतो. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजनकाट्यावर ग्रॅममध्ये वजन घ्या. सोबत कातडीखाली सलाईन लागेल.

घरी तुमचं काम स्वच्छता. शीतून पडलेली परजीवींची अंडी बाहेर एक ते चार दिवसांत संसर्गक्षम होतात, त्यामुळे ट्रे रोज रिकामा केला तर साखळी तुटते. फिनाइल किंवा ब्लीचला ती दाद देत नाहीत. पिल्लू बाहेर काढून पिंजरा उकळत्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. खायला वाळकं गवत आणि लसूणघास, थोडे साधे पेलेट, स्वच्छ पाणी. पालेभाजी बरं होईपर्यंत नको.

प्रश्न (नाशिक): ससा वाडग्यापर्यंत धावत येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली असते. लेंड्या बारीक झाल्या आहेत. पोटाचं औषध चालू आहे.

उत्तर: दुखणं तोंडात आहे, पोटात नाही. भूक आहे, पण चावता येत नाही. सशाला एकूण २८ दात, आणि सगळे आयुष्यभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत दळताना जबडा आडवा फिरतो, त्यातच दाढा झिजतात. पेलेटचे दोन-चार उभे चावे घेऊन ते काम होत नाही. मग दाढांना धारदार टोकं येतात, खालच्या दाढा जिभेला आणि वरच्या दाढा गालाला कापतात.

पुढचे दात बघून दाढांचा अंदाज येत नाही. डॉक्टर कानात बघण्याच्या यंत्राने आत पाहतात, पण शुद्धीवरच्या सशात सगळं दिसत नाही. डोक्याचा एक्स-रे आणि भूल देऊन तपासणी लागते, टोकंही भुलीखालीच घासतात. पुढचे दात नखं कापायच्या कटरने कापून देणाऱ्यांकडे जाऊ नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. काही सशांत घासणं दर काही महिन्यांनी करावं लागतं. तोवर बारीक चिरलेलं मऊ गवत आणि भिजवलेले पेलेट, आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन.

प्रश्न (जळगाव): लेंड्या केसांनी एकमेकींना जोडून माळेसारख्या येतात. अननसाचा रस दिल्याने केस विरघळतात का?

उत्तर: नाही. अननसातलं विकर केसांतल्या केराटिनला विरघळवत नाही, आणि रसातली साखर मात्र पोट बिघडवते. पपई, तूप, तेल यांचंही तेच. स्वतःला चाटणाऱ्या प्रत्येक सशाच्या पोटात केस जातातच, आतडी नीट चालली तर ते बाहेरही पडतात. माळ दिसली म्हणजे केस बाहेर पडतायत, ही चांगली खूण. पण त्याबरोबर लेंड्या लहान आणि वेड्यावाकड्या होत असतील तर सावध व्हा. केसांची झड चालू असेपर्यंत रोज मऊ ब्रशने विंचरा, ओल्या हाताने सुटे केस काढा, गवत वाढवा आणि पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा. वाडग्यातून ससे जास्त पितात. निरोगी सशाला दिवसाला किलोमागे ५० ते १०० मिली पाणी लागतं.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात सशाच्या शेपटीखाली माश्या बसतात. काय काळजी घ्यावी?

उत्तर: दिवसातून दोनदा उचलून शेपटीखाली बघा. मऊ शी किंवा लघवीने भिजलेल्या केसांत माश्या अंडी घालतात, दमट हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत मांस खातात. तांदळाच्या कण्यांएवढी पांढरी अंडी दिसली तर तो भाग कात्रीने कापून टाका. अळ्या दिसल्या तर चिमट्याने निघतील तेवढ्या काढून लगेच डॉक्टर. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांना मारायचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे, तो वापरू नका. शेपटीखाली घाण का राहते याचं उत्तर ठाण्याच्या प्रश्नात आहे.

प्रश्न (चंद्रपूर): मे महिन्यात ससा दुपारभर काही खात नाही. पोट थांबलं असं समजायचं का?

उत्तर: उन्हात दुपारी निपचित पडणं आणि पहाटे-रात्री खाणं हा सशाचा स्वभाव आहे. पहाटेच्या लेंड्या नेहमीएवढ्या असतील तर काळजी नको; प्रौढ ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, त्यामुळे कमी झाल्या तर नजरेला कळतं. पण तापमान ३० अंशांपुढे गेलं की सशाला ताण येतो, घाम त्याला येत नाही, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगावं. त्याला घरातल्या सर्वांत गार खोलीत, शहाबादी फरशीवर ठेवा. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कानांवरून ओलं फडकं फिरवा, पण अंग भिजवू नका. पालेभाजी धुवून, न निथळता द्या. तोंड उघडून धापा टाकत असेल, कान तापलेले असतील तर तो उष्माघात आहे. कान ओले करत थेट दवाखाना गाठा.

प्रश्न (कोल्हापूर): पुढच्या आठवड्यात सशीणीची नसबंदी आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलंय.

उत्तर: डॉक्टरांशी पुन्हा बोला. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होत नाही, आणि रात्रभराच्या उपासाने पोट थांबायचा धोका मात्र वाढतो. बहुतेक ससेतज्ज्ञ फक्त तोंडात घास राहू नये म्हणून एखाद-दोन तास आधी खाणं काढून घेतात. ऑपरेशनच्या दिवशी तिचं नेहमीचं गवत आणि थोडी कोथिंबीर सोबत न्या, शुद्धीवर येताच समोर ठेवायला सांगा. घरी नेताना वेदनाशामक किती दिवस द्यायचं ते लिहून घ्या. त्या रात्रीपर्यंत तिने काही खाल्लं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही लेंडी दिसली नाही, तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.